उलटं जातं

ज्येष्ठ वद्य नवमीची सकाळ. आदल्या दिवशी आळंदीहून प्रस्थान ठेवलेली ज्ञानोबा माउलींची पालखी पुण्याकडे निघते आणि आमच्या विश्रांतवाडीतला आळंदी रस्ता माणसांनी इतका भरतो, की डांबर दिसेनासं होतं. टाळ, मृदंग, भगव्या पताका, डोक्यावर तुळशी घेतलेल्या बायका. आमच्या सोसायटीतली मुलं दर वर्षी फाटकाशी टेबल मांडतात आणि वारकऱ्यांना खाऊ वाटतात. एका वर्षी केळी होती आणि फुटाण्यांच्या पुड्या.

एक आजी डोक्यावरची तुळस जपून खाली ठेवून कडुनिंबाच्या सावलीत टेकल्या. माझी आठ वर्षांची भाची पुडी घेऊन त्यांच्याकडे धावली. आजी तोंडभर हसल्या. तोंडात एकही दात नव्हता! "अगं माझ्या बाळा, दात होते तेव्हा चणे नव्हते. आता तू चणे देतेस, तर दात नाहीत. मला आपलं केळं दे."

आजी केळं खाऊ लागल्या आणि भाची त्यांच्यासमोर उकिडवी बसून टक लावून बघत राहिली. मग हळूच येऊन माझ्या कानाशी कुजबुजली, "मावशी, आजींची हनुवटी नाकाला भेटायला का निघालीय? आणि बघ ना, त्या खातात तेव्हा खालचंच तोंड हलतं. वरचं हलतच नाही!"

मुलांनो, दोन्ही प्रश्न फार छान आहेत आणि दोन्हींची उत्तरं एकाच हाडात दडलेली आहेत. ते हाड म्हणजे आपला खालचा जबडा. दुसरा प्रश्न आधी घेऊ या, कारण त्याचं उत्तर तुम्हाला आत्ता, वाचता वाचता, स्वतःच्या बोटांनी शोधता येईल.

एकटंच हलणारं हाड

एका हाताचं बोट नाकाखाली, वरच्या ओठावर ठेवा. दुसऱ्या हाताचं हनुवटीवर. आता डोकं जराही न हलवता मोठ्ठा 'आ' करा. कुठलं बोट हललं? फक्त खालचं! आपल्याला वाटत असतं, तोंड उघडताना दोन्ही जबडे एकमेकांपासून दूर जातात. पण वरचा जबडा कवटीला पक्का जोडलेला असतो. कानातली इवली हाडं सोडली, तर आपल्या कवटीत आणि चेहऱ्यात मिळून 22 हाडं असतात. त्यांतली 21 एकमेकांना शिवल्यासारखी घट्ट बसलेली. हलतं ते एकच, खालच्या जबड्याचं. चेहऱ्यातलं सर्वांत मोठं आणि सर्वांत मजबूत हाडही तेच.

तुमच्यापैकी कुणाच्या आजोळी जातं आहे? जात्याला दगडाच्या दोन गोल तळ्या असतात. खालची तळी जमिनीवर घट्ट बसलेली असते आणि खुंटा धरून आपण वरची फिरवतो. आपल्या तोंडातही एक जातं आहे, पण उलटं! इथे वरची तळी स्थिर आणि खालची फिरते. जात्यात आजी मूठ मूठ धान्य टाकते, त्याला वैरण घालणं म्हणतात. तोंडातल्या जात्याला वैरण घालायचं काम जीभ आणि गाल करतात. घास दाढांवरून घसरून आत गेला, की जीभ त्याला बाहेर ढकलते. बाहेर गालात गेला, की गाल त्याला आत ढकलतो. पुढचा घास घ्याल तेव्हा डोळे मिटून नीट लक्ष द्या. ही ढकलाढकली तुम्हाला स्पष्ट जाणवेल.

दार आणि खण

आता हे हाड कसं दिसतं ते बघू, म्हणजे चाचपू. हनुवटीवर दोन्ही हातांची बोटं ठेवा आणि कडेकडेनं मागे सरकत जा. कानाच्या पाळीखाली एक कोपरा लागेल. तिथून हाड वळून वर जातं. वरून पाहिलं तर घोड्याच्या नालेसारखा आकार आणि नालेच्या दोन्ही टोकांना दोन उभ्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीच्या माथ्यावर दोन टोकं असतात. पुढचं चपटं आणि टोकदार, मागचं गोलसर. दोघांच्या मध्ये चंद्रकोरीसारखी खाच.

मागचं गोलसर टोक फार महत्त्वाचं. ते कानाच्या अगदी पुढे, कवटीच्या एका खळगीत बसतं. हाडावर हाड घासू नये म्हणून दोघांच्या मध्ये निसर्गानं एक चिवट, लवचीक गादी घातलेली आहे.

करून पाहा. दोन्ही कानांच्या भोकांपुढे जो छोटा उंचवटा असतो, त्याच्या जरा पुढे बोटं टेकवा. तोंड थोडंसं उघडा. बोटांखाली काहीतरी गोल फिरल्यासारखं वाटेल. आता तोंड पूर्ण उघडा. अरेच्चा! ते गोलसर टोक चक्क पुढे सरकलं आणि मागे एक खड्डा पडला.

म्हणजे आपल्या जबड्याचा सांधा दोन कामं करतो. थोडं तोंड उघडताना तो दाराच्या बिजागरीसारखा नुसता फिरतो. जास्त उघडताना टेबलाच्या खणासारखा पुढे सरकतोही. शिवाय डावा आणि उजवा सांधा एकाच हाडाच्या दोन टोकांना आहेत, त्यामुळे एक हलला की दुसऱ्याला हलावंच लागतं. काही जणांचं हे टोक मोठी जांभई देताना इतकं पुढे जातं, की परत खळगीत येतच नाही आणि तोंड उघडंच राहतं. जबडा निखळणं म्हणतात ते हेच. अशा वेळी घरी खटाटोप न करता डॉक्टरांकडे जायचं. ते जबडा खाली दाबून आणि मागे सरकवून पुन्हा जागेवर बसवतात.

सगळ्या प्राण्यांचा सांधा असा नसतो. मांजर खाताना बघा. तिचा जबडा कात्रीसारखा वर-खाली होतो, आडवा फिरत नाही. मांस कापायचं असतं ना तिला! गाय निवांत रवंथ करते तेव्हा तिचा जबडा मात्र आडवा फिरत असतो, कारण तिला गवत दळायचं असतं. सापाची तऱ्हा याहून वेगळी. त्याच्या खालच्या जबड्याचे दोन भाग पुढे जोडलेलेच नसतात, त्यामुळे ते फाकतात आणि स्वतःच्या डोक्याहून मोठं भक्ष्य तो अख्खं गिळू शकतो. आपण कापतोही आणि दळतोही, म्हणून आपला जबडा वर-खालीही होतो आणि आडवाही फिरतो.

जातं फिरवतं कोण?

हाड आपणहून हलत नाही. त्याला स्नायू ओढतात. दोन्ही गालांवर, जबड्याच्या मागच्या कोपऱ्याजवळ तळवे ठेवा आणि दात एकमेकांवर घट्ट दाबा. टम्मकन फुगलं ना काहीतरी? तो गालाचा स्नायू. आता बोटं कानशिलांवर न्या आणि पुन्हा दात दाबा. तिथेही हालचाल! कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला हा दुसरा स्नायू जबड्याच्या त्या चपट्या, टोकदार भागाला जोडलेला असतो. चावतो आपण तोंडानं, पण राबतं कानशीलसुद्धा. याशिवाय आतल्या बाजूला आणखी दोन स्नायू आहेत, बाहेरून हाताला न लागणारे. दोन्ही बाजूंचे मिळून चावण्याच्या मुख्य स्नायूंच्या चार जोड्या झाल्या.

त्यांतली एक जोडी मोठी मजेशीर आहे. दोन्हीकडच्या स्नायूंनी एकदम ओढलं, की जबडा पुढे येतो. एकट्या डाव्यानं ओढलं, की हनुवटी उजवीकडे जाते आणि एकट्या उजव्यानं ओढलं, की डावीकडे. जात्याला गोल फिरवायचं कसब ते हेच. तुम्ही फुटाणा चावता तेव्हा हनुवटी खाली जाते, थोडी बाजूला सरकते, वर येते आणि दाढा एकमेकींवर घासत मधोमध परततात. समोरून कुणी हनुवटीवरच्या ठिपक्याचा माग काढला, तर कागदावर पाण्याच्या थेंबासारखा आकार उमटेल.

आणखी एक गोष्ट. फुटाणा तोंडात टाकला, की आपण तो न सांगता दाढांकडे ढकलतो. का बरं? अडकित्त्यानं सुपारी फोडताना आजोबा ती कुठे ठेवतात ते आठवा. अगदी आत, खिळ्याजवळ. जोड जितका जवळ तितका जोर जास्त. आपल्या तोंडात कानापुढचा सांधा म्हणजे खिळा आणि त्याच्या जवळ असतात दाढा. मोठ्या माणसानं सगळी ताकद लावून चावलं, तर दाढांवर 60-70 किलो वजन ठेवल्याइतका दाब येऊ शकतो! पुढचे पटाशीचे दात सांध्यापासून लांब, म्हणून त्यांच्याकडे पेरूचा तुकडा तोडण्याचं हलकं काम. मधले टोकदार सुळे धरायला आणि फाडायला. दळण दाढांकडे.

भातातला खडा

एवढी ताकद, आणि जेवताना भातात बारीकसा खडा आला तर? कच्चकन आवाज होतो आणि काय झालं हे कळायच्या आधीच तोंड उघडलेलं असतं. हे कुणी केलं? दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दात आणि त्याची खोबण यांच्यामध्ये बारीक चिवट धाग्यांचा थर असतो. दात त्या धाग्यांवर जणू टांगलेला असतो. या थरात मज्जातंतूंची टोकं असतात. खड्याचा धक्का बसला, की तिथून संदेश निघतो आणि चावणाऱ्या स्नायूंना "थांबा!" असा हुकूम सुटतो. विचार करायला वेळच लागत नाही.

हे संदेश नेणारा मज्जातंतू जबड्याच्या हाडातूनच जातो. हाडात आतून एक लांब बोगदा आहे. मज्जातंतू मागच्या बाजूनं त्यात शिरतो, दाढांना आणि दातांना फांद्या देत पुढे येतो आणि त्याची एक फांदी हनुवटीच्या बाजूच्या छोट्या छिद्रातून बाहेर पडून ओठाला जाते. दाताचे डॉक्टर खालच्या दाढेसाठी मागे कुठेतरी इंजेक्शन देतात आणि अर्धा ओठ जाड, बधिर होतो, त्याचं गुपित हेच.

या हाडात आणखी एक नवल दडलेलं असतं, आणि तेही फक्त तुमच्या वयाच्या मुलांच्या. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या जबड्यात दुधाचे दात वर दिसत असतात आणि पक्के दात त्याच वेळी खाली, हाडाच्या पोटात, आपली पाळी येण्याची वाट बघत घडत असतात. तिथे दातांच्या जणू दोन ओळी असतात, एक दिसणारी आणि एक न दिसणारी. माझ्या भाचीचे खालचे पुढचे दात असेच हाडातून वर आले आहेत. दुधाचे 20 दात पडून अक्कलदाढांसकट 32 होईपर्यंत हा जबडा वाढत असतो.

पापडाचा आवाज एवढा मोठा का?

दोन्ही कान बोटांनी बंद करा आणि पापड चावा. कडाड्कुडुम! शेजारी बसलेल्याला साधी कुरकुर ऐकू येते, तुम्हाला मात्र गडगडाट. पापडाचा आवाज तुमच्यापर्यंत हवेतून येतो तसा जबड्याच्या आणि कवटीच्या हाडांतूनही येतो.

कान आणि जबडा नुसते शेजारी नाहीत, ते जुने नातेवाईक आहेत. आपल्या कानात हातोडी, ऐरण आणि रिकीब नावाची तीन इवलीशी हाडं असतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी, सस्तन प्राण्यांच्या सरड्यासारख्या दिसणाऱ्या पूर्वजांचा खालचा जबडा अनेक हाडांचा बनलेला होता. पुढे जबडा एका हाडाचा झाला आणि जुन्या सांध्यातली खालची आणि वरची हाडं बारीक होत होत कानात गेली. हातोडी आणि ऐरण ही ती हाडं! पूर्वी जी हाडं चावायला मदत करत, ती आता आपल्याला आईची हाक ऐकवतात.

हनुवटी कुणाकुणाला?

संस्कृतात 'हनु' म्हणजे जबडा. हनुवटी हा शब्द त्यावरूनच आला आणि आपल्या मारुतीरायाचं हनुमान हे नावही. बाळ मारुती सूर्याला फळ समजून झेपावला, इंद्रानं वज्र मारलं, ते हनुवटीवर लागलं, अशी ती गोष्ट.

पण पुढे आलेली हनुवटी खऱ्या माकडांना नसते! चिंपांझी आणि गोरिलांनाही नसते. 1907 साली जर्मनीत, हायडेलबर्ग शहराजवळच्या माउअर गावी वाळूच्या खाणीत एका कामगाराला खालचा जबडा सापडला. जाडजूड हाड, दात बरेचसे शाबूत आणि हनुवटीच नाही. तो सुमारे 6 लाख वर्षांपूर्वीच्या प्राचीन मानवाचा निघाला. एवढ्या एका हाडावरून मानवाच्या एका नव्या जातीला नाव मिळालं. आज पृथ्वीवर हनुवटीचा असा उंचवटा मिरवणारे आपणच.

तुम्ही जन्मलात तेव्हा तुमचं हे हाड एकसंध नव्हतं बरं का. डावा अर्धा आणि उजवा अर्धा असे दोन भाग हनुवटीपाशी चिवट धाग्यांनी जोडलेले होते. तुमचा पहिला वाढदिवस होईपर्यंत ते जुळून एक झाले.

येरवड्यातले जुने जबडे

जुन्या जबड्यांसाठी जर्मनीलाच जायला नको. विश्रांतवाडीहून आळंदी रस्त्यानं पुण्याकडे निघालं, की फुलेनगर मागे टाकून थोड्याच वेळात येरवड्यात डेक्कन कॉलेजचं झाडांनी भरलेलं आवार लागतं. जमिनीखालचा इतिहास शोधणारे, म्हणजे पुरातत्त्वाचे अभ्यासक इथे शिकतात आणि शिकवतात. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. जमिनीखाली एक अख्खं शेतकऱ्यांचं गाव निघालं, साधारण इ.स.पूर्व 1600 ते 700 या काळातलं. घरं, चुली, धान्याच्या कणग्या, रंगवलेली मडकी. ती माणसं जव, गहू, मसूर, कुळीथ खात होती.

तिथे दोनशेहून अधिक माणसांचे सांगाडेही मिळाले. त्यांत लहान मुलांचे बरेच. मूल दगावलं, तर इनामगावचे लोक त्याला दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून ठेवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. तीन हजार वर्षांपूर्वीच्या आईलासुद्धा आपलं बाळ घरापासून दूर नको होतं.

डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेचे जॉन लुकाच यांनी या सांगाड्यांचा, त्यांच्या जबड्यांचा आणि दातांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. इतक्या जुन्या जबड्यातून काय कळतं? खूप काही! कुठला दात आला आहे आणि कुठला हाडात घडतो आहे, हे पाहून मुलाचं वय कळतं. दाढा किती झिजल्या, यावरून अन्न किती भरड होतं त्याचा अंदाज येतो. दगडावर धान्य वाटलं, की पिठात दगडाची कच उतरते आणि ती दाढा झिजवते. दाताला कीड दिसली, तर पिठूळ, गोडसर खाण्याचा माग लागतो. वाळिंबे आणि लुकाच यांनी तर छोट्या मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवरचे बारीक खड्डेसुद्धा तपासले. दात घडत असताना बाळाची उपासमार झाली, आजारपण आलं, की दाताच्या वरच्या कठीण थरात खोट राहते. ती पुढे भरून निघत नाही. मडकी फुटतात, घरं पडतात, पण कुठल्या वयात पोटाला कमी मिळालं होतं त्याची नोंद एवढ्याशा दातावर तीन हजार वर्षं टिकते.

आता आजींची हनुवटी

चला, भाचीच्या पहिल्या प्रश्नाकडे. आपल्याला हाड म्हणजे दगडासारखी निर्जीव वस्तू वाटते. पण तुमच्या शरीरातलं हाड जिवंत असतं. त्यातला जुना भाग विरत असतो आणि नवा भरत असतो. जिथे काम पडतं तिथे ते भरतं, काम थांबलं की झिजतं. जबड्याचा वरचा काठ, ज्यात दातांच्या खोबण्या असतात, तो दातांसाठीच असतो. दात पडले, की त्या काठाला काम उरत नाही. वर्षामागून वर्षं तो विरत जातो आणि हाडाची उंची कमी होते. वरच्या जबड्याचंही तसंच. मग तोंड मिटताना मध्ये अडवायला दात नाहीत, काठही नाहीत, त्यामुळे खालचा जबडा नेहमीपेक्षा जास्त वर येतो. ओठ आत जातात आणि हनुवटी नाकाच्या भेटीला निघते.

वाढत्या जबड्यालाही काम हवं असतं. लहानपणापासून सगळं मऊमऊच खाल्लं, तर जबड्याला पुरेसा व्यायाम मिळत नाही. जबडा लहान राहिला, की दातांची दाटी होते आणि शेवटी येणाऱ्या अक्कलदाढांना जागा पुरत नाही. म्हणून भाकरी, गाजर, पेरू, ऊस, फुटाणे हे सगळं चावून खा, दोन्ही बाजूंनी खा आणि रात्री दात घासूनच झोपा. दात सांभाळला, की त्याच्याखालचं हाडही सांभाळलं जातं. भाकरीचा एखादा घास तर सावकाश, खूप वेळ चावून बघा. आधी फिका लागेल, मग हळूहळू गोड. तुमच्या लाळेनं पिठाची साखर करायला सुरुवात केलेली असते!

त्या दिवशी एवढं सगळं सांगायला वेळ कुठला? मी भाचीला इतकंच म्हटलं, "अगं, तोंडात एक जातं असतं. आजींच्या जात्याचे दगड झिजले, पण फिरवणारे स्नायू अजून आहेत. माणसानं पाटा, जातं, खलबत्ता केला, तो चावण्याचं अर्धं काम तोंडाबाहेरच उरकायला." पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. तडक घरात पळाली. स्वयंपाकघरातून खलबत्त्याचा ठणठण आवाज येऊ लागला. पाच मिनिटांनी ती वाटी घेऊन बाहेर आली. वाटीत फुटाण्यांचं बारीक कूट आणि किसलेला गूळ.

आजींनी चिमूटभर कूट जिभेवर ठेवलं. ओठ मिटले. कानशिलावरची सुरकुतलेली कातडी हलली, गाल आत-बाहेर झाले आणि जबडा सावकाश फिरू लागला, खाली, बाजूला, वर, मधोमध. भाची श्वास रोखून बघत होती. "चणे खाल्ले गं बाई मी!" आजी म्हणाल्या आणि त्यांनी भाचीची हनुवटी चिमटीत धरून हलवली. मग तुळस डोक्यावर घेतली आणि दिंडीत मिसळून पुण्याच्या वाटेला लागल्या.